फक्त मला ठाऊक होतं

ओदेत : नाही म्हणून सांगते. तू उठू नकोस, मीच खाली जाऊन सांगते.

बेल्मिरो : थांब. नेमकं काय म्हणाला तो?

ओदेत : म्हणाला, "वहिनी, साहेब आहेत का वर?" जसा काही कालच जेवून गेला होता! अकरा वर्षं तोंड दाखवलं नाही, आणि आज वहिनी. खालच्या लोकरीच्या दुकानातल्या बायका सुया हातात धरून बघत बसल्यात त्याच्याकडे. टीव्हीवरचा माणूस ना.

बेल्मिरो : सोबत कोण आहे?

ओदेत : कोणी नाही. गाडी खाली चौकात ठेवलीय आणि चढ चालत आलाय. धाप लागलीय चांगली. लिस्बनला गालिच्यावरून चालायची सवय लागली असेल.

बेल्मिरो : पक्षाचा अध्यक्ष गावात येतो आणि सोबत एक छायाचित्रकारसुद्धा नाही? नवल आहे.

ओदेत : म्हणूनच म्हणते, काम असणार. फाउस्तो बिनकामाचा कधी आला नाही. तुझ्या हाताखाली उमेदवारी करायचा तेव्हाही जेवणाच्या वेळेलाच फाइल दाखवायला यायचा.

बेल्मिरो : माफी मागायला आला असेल.

ओदेत : खरंच म्हणालास तू हे? साठी ओलांडलीस, एवढा पक्ष चालवलास, सभागृहात भल्याभल्यांची बोलती बंद केलीस, आणि अजून तुला वाटतं की माणसं माफी मागायला डोंगर चढून येतात?

बेल्मिरो : वाटत नाही. वाटावंसं वाटतं.

ओदेत : त्या वाटावंसं वाटण्यानेच घर बसलं आपलं. रविवारचा पेपर वाचलास ना?

बेल्मिरो : वाचला.

ओदेत : सेतुबालचा तो म्हातारा, पूर्वीच्या गुप्त पोलिसांतला, आता बोलायला लागलाय. सदुसष्ट साली माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, आमच्या झासिंतोला, डोंगरावर कोणी पकडून दिलं ते सांगतो म्हणे. आणि तीनच दिवसांत हा दारात हजर. मी बाई माणूस, कायदा शिकले नाही, पण दोन आणि दोन मला येतात.

बेल्मिरो : झुल्मिराने वाचला असेल का पेपर?

ओदेत : माझ्या बहिणीने? शब्द न् शब्द. काल बाजारात समोरासमोर आलो. मी कोबी घेत होते. तिने कोबी खाली ठेवला आणि दुसऱ्या दुकानात गेली. तिचा नवरा तुझ्यामुळे तुरुंगात गेला आणि तुरुंगातून छाती फोडून घेऊन मरायला घरी आला, हे तिने अकरा वर्षं उशाशी घेऊन झोपायचं, आणि मी तुझी बायको, म्हणून मला कोबीसुद्धा तिच्या शेजारी उभं राहून घेता येत नाही.

बेल्मिरो : ओदेत, वर बोलव त्याला.

ओदेत : बोलवते. पण एक सांगून ठेवते, कॉफी करणार नाही.

बेल्मिरो : नको करूस.

ओदेत : आणि तो म्हणालाय की दोघांतच बोलायचंय. म्हणजे मी बाहेर. माझ्याच कचेरीतून मी बाहेर! समोरच्या कॅफेत बसते. तो गेला की येईन.

(ओदेत खाली जाते. थोड्या वेळाने फाउस्तो आत येतो आणि दार लावून घेतो.)

फाउस्तो : वास तोच आहे, साहेब. ओली लोकर आणि गॅसची शेगडी.

बेल्मिरो : बसा, अध्यक्षमहाशय. ती नको, तिचा पाय डुगडुगतो. ही घ्या.

फाउस्तो : मला "बसा" म्हणता?

बेल्मिरो : टीव्हीवर सगळेच म्हणतात. माझंच काय चुकलं?

फाउस्तो : तुम्ही म्हणालात की लागतं.

बेल्मिरो : बरं. बस. तब्येत सुटलीय तुझी.

फाउस्तो : मेजवान्या. तुम्हाला माहीतच आहे, अध्यक्षाला प्रत्येक जिल्ह्यात जेवावंच लागतं. नाही जेवलं की तिथली शाखा रुसते. तुम्ही कसं जमवायचात?

बेल्मिरो : मी भाषण लांबवायचो. जेवण थंड व्हायचं, मग कोणी आग्रह करायचं नाही. काम काय आहे?

फाउस्तो : वकील हवाय.

बेल्मिरो : लिस्बनचे संपले?

फाउस्तो : तुमच्यासारखा एकही नाही. खोटं नाही बोलत, साहेब. त्या वेळी गिरणीच्या रंगाऱ्यांच्या बाजूने उभं राहायला या गावातला एक वकील तयार नव्हता. मालकाचा मुनीम कोर्टाच्या दारात उभा राहून कोण कोण आत जातं ते बघत असायचा. तुम्ही त्याला टोपी काढून नमस्कार केलात आणि आत गेलात. मी मागे तुमची बॅग धरून.

बेल्मिरो : पुढे बोल.

फाउस्तो : चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही गेली, त्यानंतर तेच रंगारी तुम्हाला खांद्यावर घेऊन चौकातून नाचले. त्यांच्या हातांचे निळे डाग तुमच्या कोटावर लागले होते. देशाची नवी घटना लिहायला तुम्ही लिस्बनला गेलात ते तोच कोट घालून. एका कॉफीच्या टेबलाभोवती मावणारा पक्ष तुम्ही देशभर नेलात. तुम्ही नसता तर मी आजही इथे खरेदीखतं लिहीत बसलो असतो.

बेल्मिरो : पक्षाच्या कचेरीत माझं छायाचित्र होतं. जिन्याच्या वर. ते आहे का अजून?

फाउस्तो : नाही.

बेल्मिरो : कोणाच्या सहीने उतरवलं?

फाउस्तो : कार्यकारिणीने ठरवलं होतं.

बेल्मिरो : आणि कार्यकारिणीचा अध्यक्ष कोण होता?

फाउस्तो : साहेब, ते परत लावता येईल. पुढच्याच महिन्यात. समारंभ करून. मानद अध्यक्षपद आहे, ते रिकामंच आहे, मी तुमचं नाव सुचवणार होतो.

बेल्मिरो : लाच देताना तुझा आवाज अजून बारीक होतो. उमेदवारीत तुला सांगितलं होतं, ज्याला जमत नाही त्याने त्या भानगडीत पडू नये. काम सांग.

फाउस्तो : आधी एक विचारतो. मी इथे अशील म्हणून बसलोय ना?

बेल्मिरो : तुला ठाऊक आहे.

फाउस्तो : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

बेल्मिरो : त्या खुर्चीत बसून कोणी सल्ला मागितला की तो अशील. मी काम घेवो न घेवो. त्याने जे सांगितलं ते या चार भिंतींत राहतं.

फाउस्तो : वहिनींनाही नाही?

बेल्मिरो : बायकोला नाही, पाद्र्याला नाही, मरताना डॉक्टरलाही नाही. झालं समाधान?

फाउस्तो : झालं. सेतुबालच्या म्हाताऱ्याची मुलाखत पाहिलीत?

बेल्मिरो : पाहिली. म्हणतो, खबर देणारा वकिलाच्या कचेरीतलाच होता. नाव सांगत नाही.

फाउस्तो : सांगत नाही, कारण नाव विसरलाय. डोकं येतं-जातं त्याचं. पण ज्या बाईने मुलाखत घेतली, मारिलिया म्हणून आहे, ती सोडणाऱ्यातली नाही. तिला दुसरा साक्षीदार हवाय. पुढच्या आठवड्यात ती तुमच्याकडे येणार आहे. आणि तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे.

बेल्मिरो : झोपडीचा.

फाउस्तो : हो. झासिंतो पोलिसांना चुकवून धनगराच्या झोपडीत लपलाय हे आणखी कोणाला ठाऊक होतं?

बेल्मिरो : हाच प्रश्न अकरा वर्षांपूर्वी पक्षाच्या अधिवेशनात विचारला होता. भरल्या सभागृहात. मी उत्तर दिलंय.

फाउस्तो : "फक्त मला ठाऊक होतं."

बेल्मिरो : पाठ आहे तुला.

फाउस्तो : सगळ्या पक्षाला पाठ आहे, साहेब.

बेल्मिरो : असणारच. त्या एका वाक्यावर त्यांनी मला घरी पाठवलं. दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसेल तर खबर दिली कोणी? शेंबड्या पोरालाही कळेल.

फाउस्तो : तेच उत्तर पुन्हा द्या, एवढंच म्हणणं आहे माझं. आणि माझं वकीलपत्र घ्या. तिने जर कोणाचं नाव छापलंच तर आपण अब्रुनुकसानीचा दावा लावू. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहिलात की प्रश्नच मिटला. ज्याच्यावर आळ आला तोच माणूस माझ्या बाजूने उभा आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार?

बेल्मिरो : कोणाचं नाव छापणार आहे ती?

फाउस्तो : बघा, निवडणुका तोंडावर आहेत. विरोधकांना काहीही...

बेल्मिरो : फाउस्तो, ही जाहीर सभा नाही. कोणाचं?

फाउस्तो : माझं.

बेल्मिरो : म्हणजे तो म्हातारा खोटं बोलणार.

फाउस्तो : पाणी मिळेल का?

बेल्मिरो : जग तुझ्या उजव्या हाताला आहे. मी विचारलं, म्हातारा खोटं बोलणार आहे का?

फाउस्तो : नाही.

बेल्मिरो : पुन्हा सांग.

फाउस्तो : नाही बोलणार. मीच सांगितलं होतं त्यांना. झोपडी कुठे आहे ते.

बेल्मिरो : मी धनगराला समजत होतो.

फाउस्तो : काय?

बेल्मिरो : इतकी वर्षं मी त्या धनगराला खबऱ्या समजत होतो. म्हाताऱ्या अनीबालला. त्याने स्वतःची झोपडी दिली, स्वतःचं घोंगडं दिलं. मी रस्त्यात त्याला ओळख दाखवणं सोडलं. मेला तेव्हा पाठीमागे अख्खं गाव चाललं होतं आणि मी खिडकी लावून घेतली.

फाउस्तो : मला ते माहीत नव्हतं.

बेल्मिरो : का केलंस?

फाउस्तो : गिनी.

बेल्मिरो : नीट बोल.

फाउस्तो : सैन्यात भरतीचा हुकूम आला होता मला. गिनीच्या लढाईवर. आमच्या वर्गातले तिघं आधीच गेले होते, त्यातला एक पेटीतून परत आला, आठवतं? पेटी उघडू दिली नाही त्याच्या आईला. मग कास्तेलु ब्रांकुला एका माणसाने मला कॉफी पाजली. सभ्य होता हो, अगदी शाळामास्तरासारखा. म्हणाला, भरतीचं काय ते आम्ही बघू. मला चोवीसावं लागलं होतं, साहेब.

बेल्मिरो : तू मला सांगितलंस, छातीत दोष निघाला म्हणून सोडलं. ओदेतने वर्षभर तुला अंडी फोडून दुधात घालून दिली.

फाउस्तो : मला वाटलं, चार-सहा महिने आत ठेवतील आणि सोडतील. तसंच करायचे ना ते तेव्हा. तो मरेल असं कोणाला वाटलं होतं?

बेल्मिरो : तू भाकरी घेऊन जायचास त्याला. मला कोर्टाची तारीख असली की तू जायचास. शेवटचं कधी गेला होतास?

फाउस्तो : आदल्या दिवशी.

बेल्मिरो : सांगून झाल्यावर की सांगायच्या आधी?

फाउस्तो : कशाला विचारता हे?

बेल्मिरो : सांगून झाल्यावर की आधी?

फाउस्तो : झाल्यावर. त्याने मला चीज कापून दिलं. म्हणाला, वर थंडी आहे, खाऊन जा.

बेल्मिरो : हं. आता अधिवेशनाचं सांग.

फाउस्तो : त्यात सांगण्यासारखं काय आहे?

बेल्मिरो : अधिवेशनाच्या आठवडाभर आधी कुजबुज सुरू झाली, की बेल्मिरोने स्वतःच्या साडूला पकडून दिलं. मी कोणाकोणाला विचारलं. जो तो म्हणे, मी ऐकलं. सुरू कोणी केली?

फाउस्तो : लोक बोलतच होते.

बेल्मिरो : सुरू कोणी केली?

फाउस्तो : पोर्तुच्या दोन प्रतिनिधींना मी बोललो होतो. बोललो म्हणजे, विचारलं. की हे खरं असेल का? बस एवढंच. साहेब, तुम्ही त्या वर्षी जुन्या खबऱ्यांची चौकशी करा असा ठराव आणणार होतात. तुम्हीच! मी हातापाया पडलो होतो, आत्ता नको म्हणून. तुम्ही ऐकत नव्हतात. चौकशी झाली असती तर मी उघडा पडलो असतो.

बेल्मिरो : म्हणून मला उघडं पाडलंस.

फाउस्तो : मला वाटलं, तुम्ही सहज निभावून न्याल. तुम्ही काहीही निभावून न्यायचात. सभागृहात तुम्ही उठून एवढंच म्हणाला असतात की फाउस्तोलाही ठाऊक होतं, तर मी तिथेच संपलो असतो. तिसऱ्या रांगेत बसलो होतो मी. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. आणि तुम्ही उठलात आणि म्हणालात...

बेल्मिरो : मी काय म्हणालो ते मला ठाऊक आहे.

फाउस्तो : का म्हणालात तसं?

बेल्मिरो : तुझी बायको सातव्या महिन्यात होती. तू पहिल्यांदा निवडून आला होतास. मला वाटलं, या लांडग्यांपुढे तुझं नाव घेतलं तर तुझ्या अंगावर काही शिल्लक ठेवणार नाहीत. मला वाटलं, मी टिकेन. तुझ्यावर संशयही आला नाही माझा, फाउस्तो. क्षणभरही नाही. रात्री गाडीतून तू मला घरी आणलंस तेव्हा तू रडत होतास. ग्वार्दाच्या पुढे गाडी बाजूला घेतलीस आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलास. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो. मला वाटलं, माझ्यासाठी रडतोय.

फाउस्तो : तुमच्यासाठीही रडत होतो.

बेल्मिरो : दोन महिन्यांनी तू माझ्या खुर्चीत बसलास.

फाउस्तो : कोणीतरी बसणारच होतं.

बेल्मिरो : नीघ.

फाउस्तो : वकीलपत्राचं काय?

बेल्मिरो : घेत नाही. ज्याने मला हे सांगितलं त्याच्या बाजूने उभं राहून मी खोटं बोलणार नाही.

फाउस्तो : ठीक आहे. मला वाटलंच होतं. पण साहेब, तुम्ही घ्या न घ्या, मी सल्ला मागितलाय. आता मी तुमचा अशील. तुम्हीच म्हणालात.

बेल्मिरो : झोपडीवर भाकरी तू न्यायचास, हे मला सदुसष्टपासून ठाऊक आहे. ते आज कळलेलं नाही. तेवढं सांगायला मला कोण अडवतं?

फाउस्तो : कोणी नाही. पण मग वकील संघ विचारील की अकरा वर्षं उलट सांगणाऱ्या वकिलाला आत्ताच कसं आठवलं? बुधवारी अशील कचेरीत येऊन गेला, आणि आठवड्याच्या आत वकील पेपरात बोलला. काय समजतील? मी मोकळ्या मनाने सांगितलं, तुम्ही विकलंत. सनद जाईल, साहेब. आणि लोक म्हणतील, म्हातारा सूड घेतोय.

बेल्मिरो : म्हणून चढ चालत आलास.

फाउस्तो : म्हणजे?

बेल्मिरो : दुकानातल्या बायकांनी नीट बघावं म्हणून. गाडी दारापर्यंत येते, फाउस्तो. तुझी आई आजारी असताना तू दारापर्यंतच आणायचास.

फाउस्तो : राजकारण तुम्हीच शिकवलंत.

बेल्मिरो : हे नव्हतं शिकवलं.

फाउस्तो : ती बाई आली की काय सांगाल?

बेल्मिरो : दार उघडेन आणि म्हणेन, या विषयावर मला काही बोलता येत नाही.

फाउस्तो : तेवढं पुरे आहे मला. तुम्ही गप्प राहिलात की लोकांना जे वाटायचं ते आधीपासून वाटतंच आहे. साहेब, एक मनापासून सांगू? तुमच्याइतकं मी कोणाला मानलं नाही. वडिलांनाही नाही.

बेल्मिरो : दार ओढून घे. वारा आत येतो.

(फाउस्तो जातो. थोड्या वेळाने ओदेत वर येते.)

ओदेत : गेला?

बेल्मिरो : गेला.

ओदेत : मी कॅफेतून बघत होते. उतरताना शीळ घालत होता मेला. दुकानात डोकावून प्रत्येक बाईशी हात मिळवला. तुझा चेहरा असा का झालाय? छातीत दुखतंय का? डॉक्टरला फोन करू?

बेल्मिरो : काही नाही. बस.

ओदेत : काय म्हणाला?

बेल्मिरो : सल्ला मागायला आला होता.

ओदेत : कसला?

बेल्मिरो : अशील म्हणून आला होता, ओदेत.

ओदेत : म्हणजे?

बेल्मिरो : म्हणजे मला सांगता येत नाही.

ओदेत : मला?

बेल्मिरो : तुलाही.

ओदेत : कोणाच्या घटस्फोटाचं असेल, शेताच्या बांधाचं असेल, तर मी कधी विचारलंय? तीस वर्षं या कचेरीत टंकलेखन केलं, कान बंद ठेवले. पण हा फाउस्तो आहे. एकच सांग. झासिंतोचं होतं का?

बेल्मिरो : विचारू नकोस.

ओदेत : "नाही" म्हणता येत असतं तर "नाही" म्हणाला असतास. खोटं बोलायला तुला एकदाच जमलंय, तेही त्याच्यासाठी.

बेल्मिरो : ओदेत, या खोलीत मोठ्याने विचार करू नकोस.

ओदेत : का? भिंती तुझ्या, खोली तुझी, तोंड माझं आहे. म्हाताऱ्या पोलिसाची मुलाखत रविवारी येते. बुधवारी फाउस्तो येतो. तासभर बसतो. जाताना शीळ घालतो, आणि माझा नवरा एका तासात दहा वर्षांनी म्हातारा होतो. अजून काय सांगायचं राहिलंय मला कोणी?

बेल्मिरो : मी काही बोललेलो नाही.

ओदेत : नाही बोललास. तू कधीच बोलला नाहीस. अधिवेशनाहून आलास त्या रात्री मी विचारलं होतं, तू "फक्त मला" का म्हणालास? भाकरी मी बांधून द्यायचे. दोन दिवसांआड, मक्याची भाकरी, चीज, थोडं सॉसेज. तू कोर्टात असलास की तो पोरगा घेऊन जायचा. मला ठाऊक होतं. मी म्हटलं, त्याचं नाव का नाही घेतलंस? तू काय म्हणालास आठवतं?

बेल्मिरो : आठवतं.

ओदेत : म्हणालास, पोर आहे, आयुष्य पुढे आहे त्याचं, तू कोणाकडे बोलू नकोस. झुल्मिराकडेसुद्धा नाही. आणि मी ऐकलं! माझी बहीण माझ्या दारात उभी राहून ओरडली, तुझ्या नवऱ्याने माझा नवरा खाल्ला, आणि मी मान खाली घालून उभी राहिले. का? तर तू शब्द घेतला होतास. त्या पोराचं आयुष्य पुढे होतं. माझ्या बहिणीचं काय मागे होतं?

बेल्मिरो : मला त्याचा संशय आला नव्हता.

ओदेत : ते मला कळतं. पण तू मला विचारलंही नाहीस. तू ठरवलंस आणि मला गप्प बसवलंस. त्याने तुला फसवलं, ते सगळ्या देशाला कळलं नाही म्हणून तुला दुःख आहे. मला तर तू घरातल्या घरात फसवलंस, बेल्मिरो. तिच्या मोठ्या मुलीचं लग्न झालं, मी चर्चच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघितलं.

बेल्मिरो : तू तिथे गेली होतीस?

ओदेत : तुला सांगितलं की पावाला जाते.

बेल्मिरो : ओदेत...

ओदेत : नको. आत्ता नको काही. मला एक कायद्याचं सांग. तुझं तोंड त्याने बांधलं. माझं बांधलंय का?

बेल्मिरो : इथे जे बोललं गेलं ते तुला कळलं असतं, तर तुझंही बांधलं असतं. कचेरीतल्या माणसालाही तो नियम लागतो.

ओदेत : मला कळलंय का काही?

बेल्मिरो : नाही. तू कॅफेत होतीस.

ओदेत : कॅफेत होते. मालकीण साक्ष देईल, तिच्याशी तिच्या गुडघ्यांवर बोलत होते. मग मला जे ठाऊक आहे ते सदुसष्टपासूनचं आहे. भाकरी मी बांधायचे आणि फाउस्तो न्यायचा. एवढंच. त्याने काय केलं, मला ठाऊक नाही. झुल्मिराने काय समजायचं ते ती समजेल.

बेल्मिरो : माझी सनद जाऊ शकते. तो म्हणेल, मीच तुला पाठवलं.

ओदेत : पाठवतोयस का?

बेल्मिरो : नाही.

ओदेत : अडवतोयस का? मी शब्द दिला होता, तो तुला. परत मागतेय. देतोस का?

बेल्मिरो : तो मी मागायलाच नको होता.

ओदेत : माझा कोट कुठे आहे?

बेल्मिरो : दारामागे. ओदेत, ती दार उघडणार नाही.

ओदेत : नाही उघडलं तर पायरीवर बसेन. शेजारचे बघतील. बघू देत. आणि ती विचारेल, की तुझ्या नवऱ्याने तेव्हा खोटं का सांगितलं? काय सांगू?

बेल्मिरो : ते मला विचारू नकोस. माझ्यापेक्षा तुला नीट सांगता येईल.

ओदेत : मी तुझी बाजू घेणार नाही.

बेल्मिरो : नको घेऊस.

ओदेत : आणि रात्रीचं जेवण नाही केलेलं. सूप आहे पातेल्यात, गरम करून घे. मला उशीर होईल. किंवा लगेचच परत येईन.

बेल्मिरो : थांब जरा.

ओदेत : काय आता?

बेल्मिरो : गल्लीतल्या पायऱ्यांच्या वाटेने जाऊ नकोस, सकाळपासून बर्फ धरलाय तिथे. नदीकडून जा. लांब पडेल, पण त्या बाजूला धरायला कठडा आहे.